काकवीचं रक्त

माझा खून कसा करायचा यावर आम्ही अख्खी टर्म भांडलो. गळा दाबून, मान चिरून, की उसाच्या सरीत तोंड खुपसून. कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला एक छोटी फिल्म करावी लागायची, आणि आमच्या गटाने थ्रिलर करायचं ठरवलं होतं. गटात आम्ही तिघं. गोष्ट मी लिहिली होती आणि मुलगी मी एकटीच, त्यामुळे मरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दिग्दर्शक होता आमचा कोथरूडचा मित्र. त्याला आयुष्यात कुणी साधी चापटसुद्धा मारलेली नव्हती, म्हणून त्याला हिंसेचं विलक्षण प्रेम होतं. मान चिरल्यावर रक्ताची चिळकांडी कुठल्या कोनात उडते, हे तो चहात बिस्किट बुडवता बुडवता समजावून सांगायचा.

तिसरा मित्र खुनी. तो खडकीला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा. वडील फॅक्टरीत, आई सरकारी कचेरीत. खरं तर कॅमेरा आमच्यात त्यालाच सगळ्यात चांगला यायचा. पण दिग्दर्शकाने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाई, खुनी तूच. तुझ्या फेसमध्ये ते आहे." ते म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. मित्र हसला आणि बरं म्हणाला.

तालमी त्याच्याच घरी व्हायच्या, कारण आमच्या दोघांच्या घरी शेजारी लगेच बेल वाजवायचे. एकदा तो माझे केस धरून मला दिवाणावर आपटत होता, मी बोंबलत होते, तेवढ्यात त्याची आई कचेरीतून आली. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. "जरा सरका," त्या म्हणाल्या. "मला आत जाऊ द्या, मग मारा." आत जाऊन हातपाय धुऊन बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उरलेला खून शांतपणे बघितला. मग दिग्दर्शकाला विचारलं, "खुन्याचं काम हाच का करतोय?"

"काकू, त्याच्या चेहऱ्यात इंटेन्सिटी आहे."

"इंटेन्सिटी माझ्या दोन्ही मुलांच्या चेहऱ्यात आहे. एकाला तरी इन्स्पेक्टर करा."

आम्ही खूप हसलो. त्या हसल्या नाहीत, अंडाकरीला फोडणी टाकायला आत गेल्या.

रक्त जमेना. सरबताचा लाल रंग पाण्यात कालवला तर गुलाबी दिसायचा, टोमॅटो सॉस तर थेट भजीची आठवण करून द्यायचा. शेवटी मी मांजरी गावाकडच्या एका गुऱ्हाळातून काकवी आणली आणि तिच्यात लाल रंग घोटला. दाट, काळपट, चिकट. मानेवरून ओघळायला लागलं की मला स्वतःलाच आरशात बघवेना. दिग्दर्शक आनंदाने नाचला. मुंग्या मात्र सुटत नव्हत्या.

हत्यार कोयता. त्या दिवसांत शहरात कुठे ना कुठे पोरं कोयते नाचवत रस्त्यावरच्या गाड्या फोडत होती आणि वर्तमानपत्रात रोज त्याची बातमी असायची. त्यामुळे खरा कोयता बाळगायची कुणाची छाती नव्हती. मित्राने प्लायवूडचा कापला आणि त्याला चंदेरी रंग दिला. लांबून अगदी खरा वाटायचा. आणि लांबून दिसणं हीच तर दिग्दर्शकाची सगळी कल्पना होती. लोकांना कॅमेरा दिसला की लोक ॲक्टिंग करायला लागतात, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून खुनाचा सीन शहराबाहेर, उसाच्या फडात करायचा. आम्ही दोघं खाली फडाच्या कडेला, आणि तो कॅमेरा घेऊन समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर. फोन वाजायला नको म्हणून आमचे फोन त्याच्याकडे. शॉट संपला की त्याने वरून लाल टॉवेल हलवायचा. टॉवेल हलेपर्यंत काहीही झालं तरी थांबायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. आसपास कुणाला सांगायचंही नाही. गावाला सांगितलं तर गर्दी जमेल आणि सगळं खोटं दिसेल.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तसं गाव शहराच्या कुठल्याही बाजूला सापडेल.

भर दुपारी आम्ही सुरुवात केली. ठरल्याप्रमाणे मी बांधावरून पळत आले, तो मागून आला, कोयता उगारला, मी त्याचा हात हिसडला, कोयता उसात उडाला. मग त्याने माझे केस धरले आणि मला पाचटावरून फरफटत नेलं. माझ्या मानेवर काकवी, कुडता लाल. मीच लिहिलेलं वाक्य मी जिवाच्या आकांताने ओरडत होते: "मी याला ओळखत नाही. वाचवा. मी याला ओळखत नाही." काम फार छान होत होतं. मला मनातून आनंद झाला होता, तोही आठवतो.

फडाच्या पलीकडच्या बाजूला ऊस तोडणारी आणि बैठकीला बसलेली गावातली माणसं होती. त्यांनी ते ऐकलं आणि ती धावत आली. मुलगी रक्तबंबाळ, पोरगा केस ओढतोय. त्यांच्या जागी मी असते तर मीही धावले असते. पहिला घाव उसाच्या कांड्याचा होता, मित्राच्या पाठीवर. त्याचा फट्ट आवाज आला तेव्हाही एक क्षण मला वाटलं, दिग्दर्शकाने आम्हाला न सांगता माणसं आणली. मी गच्चीकडे बघितलं. टॉवेल हलला नव्हता.

मग त्यांनी त्याला खाली पाडलं. कुणी पोटात लाथ घातली, कुणी हातावर पाय देऊन उभा राहिला. उसाचं कांडं मोडलं की दुसरं घ्यायचे. मी ओरडले, "मारू नका, तो माझा मित्र आहे. फिल्म आहे ही." दोन बायकांनी मला धरून मागे ओढलं. "भ्यालीय पोरगी," एक म्हणाली. "आत्ता म्हनत व्हती वळखत न्हाय." मी तिच्या हाताला चावले. तिने हात सोडला नाही, उलट मला छातीशी धरून थोपटायला लागली. तिचं ते थोपटणं मला त्या मारापेक्षाही असह्य झालं.

मित्र हात जोडत होता, "दादा, शूटिंग आहे, वर बघा, वर कॅमेरा आहे," म्हणत होता. कुणी वर बघितलं नाही. एवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढे आला. त्याने हाताने सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, सुटलो. तो गुडघ्यावर वाकला आणि विचारलं, "कुठला हायस? आडनाव काय रं तुझं?"

मित्राने ओठावरचं रक्त पुसलं आणि आडनाव सांगितलं. स्पष्ट सांगितलं, कॉलेजात हजेरी देताना सांगायचा तसं.

तो माणूस उठला आणि म्हणाला, "तरीच." तोपर्यंतच्या मारण्यात घाई होती, भीती होती. आता ती गेली. आता ते बघून बघून मारायला लागले. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकाने त्याच्या तोंडावर चपलेची टाच दाबली आणि त्याचा एक दात पडला. मला त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा जीव घ्यावासा वाटला. थ्रिलर लिहिणारी मुलगी होते मी, माणसं मारायचे इतके प्रकार मला पाठ होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता.

थांबलं ते काकवीमुळे. मला धरलेल्या बाईच्या तोंडासमोर मी माझ्या मानेवरचं रक्त बोटावर घेतलं आणि चाटलं. ती दचकून मागे सरली. मी पुन्हा बोट माखलं आणि तिच्या ओठांवर दाबलं. "चाखा," मी म्हणाले. "गोड आहे." तिने जीभ फिरवली. तिचा चेहरा बदलला. "आवं थांबा," ती ओरडली. "काकवी हाय ही. पोरीला कायबी झालेलं न्हाय." मग एकेकाने येऊन माझ्या मानेला, कुडत्याला बोट लावून चाखलं. मी उभी राहिले, चाखू दिलं. कुणीतरी कोयता शोधून आणला, तो हातात हलका लागला तसा माणसांचा आवाज खाली आला. "आधी सांगायचं न्हाय का," असं एकजण रागाने मलाच म्हणाला. पांढरा शर्ट एव्हाना निघून गेला होता. मित्राच्या तोंडातून जे येत होतं ते चाखायला कुणी गेलं नाही.

दिग्दर्शक सगळं शांत झाल्यावर खाली आला. "मी फ्रीझ झालो," एवढंच म्हणत राहिला. पण कॅमेरा चालू होता, हे नंतर कळलं. पहिल्या फटक्यापासून शेवटपर्यंत.

हॉस्पिटलात मित्राने सांगितलं, गाडीवरून पडलो. घरीही तेच सांगितलं. मी पोलिसांत जायचं म्हणाले तर त्याने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "तक्रार केली की कायद्याने ते आडनावाचं लिहावं लागेल. मग आईला कळेल." मी म्हटलं, कळू दे, त्या काय भित्र्या आहेत का. तो म्हणाला, "तू ऐक. आई गावातनं निघाली ती हाच प्रश्न ऐकून ऐकून. तिला वाटतं, तिने आम्हाला त्याच्या बाहेर आणून ठेवलंय. ते तिचं एकच वाटणं आहे, ते मोडायचं नाही." मला पटलं नाही. पण मार त्याने खाल्ला होता, तेव्हा ठरवायचं त्यानेच होतं. दिग्दर्शकाने आमच्यासमोर कॅमेऱ्यातलं सगळं पुसलं आणि शपथ घेतली. खुनाचा सीन पुढे आम्ही एका खोलीत, उशीने उरकला.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवल्या, त्याला आईवडिलांना बोलावलं होतं. मित्र आईला घेऊन आला होता, गळ्यातला पट्टा नुकताच निघाला होता. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसले. फिल्म सुरू झाली आणि उशीचा सीन आलाच नाही. पडद्यावर ऊस आला. वरून, लांबून, ताणलेल्या संगीताखाली, आवाजाशिवाय. माणसं धावत आली आणि माझ्या मित्राला मारायला लागली.

माझ्या अंगाची आग झाली. उठून वायर उपटायची म्हणून मी अर्धी उभीही राहिले. आणि मग कळलं की वायर उपटली तर सगळंच उघड होईल. फिल्म चालू राहिली तरच ते खोटं राहणार होतं. मी खाली बसले. मित्र आईच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. आईने मान डोलावली. पडद्यावर पांढरा शर्ट वाकला, उठला आणि पुन्हा मार सुरू झाला. संगीत वाढलं. आईची मान जराही हलली नाही.

टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ उभे राहून म्हणाले, "गर्दीचा सीन अप्रतिम. इतक्या लोकांकडून असं काम कसं करून घेतलंत?"

"सर, वर्कशॉप घेतलं," दिग्दर्शक म्हणाला.

स्टेजच्या मागे मी त्याला गाठलं. पुसण्याआधीच त्याने कॉपी करून ठेवलं होतं. "उशीत क्लायमॅक्स नव्हता गं," तो म्हणाला, "आणि लांबून चेहरा कुठे ओळखू येतो." मी त्याच्या तोंडात मारली. मग उलट्या हाताने पुन्हा मारली. त्याचा चष्मा पडला, तो उचलायला वाकला तेव्हा मी पाठीत लाथ घातली. आयुष्यात मी एकाच माणसाला मारलंय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. इतकंच की हात थांबेना तेव्हा मला माझीच भीती वाटली.

बाहेर आले तर मित्र स्कूटर काढायला निघाला होता. जाता जाता मला हळूच म्हणाला, "आईला सांगितलं, सगळं सेटिंग होतं, म्हणून. पटलं तिला." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता.

आई पायरीवर उभ्या होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. माझा हात सुजला होता, तो मी ओढणीत लपवला. त्यांनी गेटकडे बघतच विचारलं, "तो पांढऱ्या शर्टातला माणूस मधेच वाकला. काय विचारलं त्याने?"

मी गोष्टी रचणारी. त्या वेळी मला एक साधं खोटं रचता आलं नाही. "आडनाव," मी म्हणाले.

"याने सांगितलं?"

"हो काकू. स्पष्ट सांगितलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तो प्रश्न आवाज नसला तरी कळतो गं. विचारणारा कसा वाकतो, त्यावरून कळतो." माझे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, जरा जोरातच. "रडू नकोस. तो येतोय. त्याला वाटू दे, मला पटलं."

स्कूटर पायरीशी येऊन थांबली. त्या मागे बसल्या, पर्स मांडीवर घेतली. "काम छान केलंस हं," त्या मुलाला म्हणाल्या. "मार अगदी खरा वाटत होता."

तो खूश होऊन हसला. पडलेल्या दाताची जागा दिसली. त्यांनी त्याच्या खांद्याला हात न लावता मागची दांडी धरली आणि म्हणाल्या, "चल आता."