आत्यांची बारावी

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी, आणि सगळ्यात बेभरवशाची कमाईही माझीच. एम.ए., बी.एड. करून मी पाथर्डीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जितके तास तितके पैसे, सुट्टी लागली की हात रिकामा. नवऱ्याने दहावीनंतर आयटीआय केलं आणि तिसगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात माझं कॉलेज बंद असतं, तेव्हा त्याच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागलेली असते. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "सूनबाई प्रोफेसर, मग पगार लई असंल?" की माझ्याआधी सासूबाईच उत्तर द्यायच्या, "शिकलेल्या मानसाला पगार इचारू न्हाई. इशय इचारावा."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. सकाळी झाडलोट करायची, घरोघरी जाऊन पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, सगळ्यांचे हात धुवायचे. तिथल्या सेविकाबाई रिटायर व्हायला आल्या, तेव्हा पर्यवेक्षिका मॅडम भेट द्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मावशी, तुमची बारावी झालेली असती तर या जागेवर पहिला हक्क तुमचाच होता." सेविकेचं मानधन मदतनिसापेक्षा बरंच जास्त. आत्यांची दहावी लग्नाआधी माहेरी झालेली होती. त्यापुढे वही उघडायची वेळच आली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चप्पल काढायच्या आधीच मला सांगितलं, "मला बारावीचा फारम भरून दे."

नवरा जेवत होता. तो हसला. "आई, पन्नाशीला आली तू. आता कुठं इंग्रजी पाठ करती?"

"मोटार जळली म्हणून तू फेकून देतो व्हय रे?" आत्या म्हणाल्या. "नवी तार भरून चालूच करतो ना?"

दुसऱ्याच दिवशी तो त्यांचा फोटो काढायला त्यांना स्टुडिओत घेऊन गेला.

बाहेरून बारावी देणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो भरायचं आमच्या भागातलं केंद्र नेमकं माझंच कॉलेज निघालं. अशा मुलांचे मार्गदर्शनाचे तास रविवारी होत आणि त्यातला मराठीचा तास माझ्याकडे होता. पहिल्या रविवारी मी वर्गात शिरले तर सगळे उठून उभे राहिले. पहिल्या बाकावर, इस्त्रीची साडी नेसून, आत्याही उभ्या. माझ्या तोंडून पटकन निघालं, "आत्या, बसा ना तुम्ही!"

वर्ग खिदळायला लागला. आत्यांनी चेहरा जराही हलू दिला नाही. "मॅडम," त्या म्हणाल्या, "वर्गात नातं नको."

त्या दिवसापासून अख्खा वर्ग त्यांना आत्या म्हणू लागला. कुणी त्यांना इतिहासाच्या नोट्स आणून दिल्या, कुणी जागा धरून ठेवली. घरी आलं की मात्र आमची पदं उलटी व्हायची. "मॅडम, भाकरी थापा आता," असं म्हणत त्या माझ्याच हातात परात द्यायच्या.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र त्यांना जमत गेलं. अडलं ते इंग्रजीपाशी. अंगणवाडी सुटल्यावर दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. त्यांनी स्वतःचीच एक रीत काढली. जे शिकायचं ते सकाळी पोरांवर चालवून बघायचं. हात धुताना 'वॉश युवर हँड्स', जेवताना 'सिट डाऊन'. आठवड्याभरात एक आजी तक्रार घेऊन आली, "आमची नात मला सारखी शीट डाऊन म्हनती. ह्ये काय नवीन?"

मग आलं पत्रलेखन. मी विषय दिला : अंगणवाडीच्या नळाला पाणी येत नाही, ग्रामपंचायतीला पत्र लिहा. नळ खरोखरच बंद होता. आत्यांनी तीनदा खाडाखोड करून पत्र लिहिलं, मी दुरुस्त केलं, त्यांनी ते कोऱ्या कागदावर उतरवलं, आणि मला न विचारता नेऊन ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवलं.

ग्रामसेवकांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. "मावशी, हे कुणी लिहिलं?"

"मीच की. खाली सही हाय बघा."

त्याच आठवड्यात प्लंबर आला. आत्या पाण्याच्या धारेकडे बघत मला म्हणाल्या, "मराठीत सांगून सांगून घसा बसला हुता माझा. ह्या भाषेला मी उगंच भीत हुते."

इंग्रजीच्या पेपराला नवऱ्याने दुकान बंद ठेवून त्यांना गाडीवर केंद्रावर नेलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली उभा राहिला. आसपास सगळे बाप आपल्या पोरांची वाट बघत होते. हा एकटाच आईची. आत्या बाहेर आल्यावर त्याने घाईघाईने विचारलं, "कसा गेला?"

"म्या समदं लिव्हलंय. आता वाचनाराचं तो बघंल."

निकालाच्या दुपारी वेबसाइट काही केल्या उघडेना. फोन हातात धरून मी घरभर फिरत होते. शेवटी पान उघडलं, मी ते नीट वाचलं आणि तशीच अंगणवाडीकडे पळत सुटले. सुट्टीतही पोरांना खाऊ द्यायचा असतो म्हणून आत्या खिचडीपाशी होत्या.

"आत्या, पास! सगळ्या विषयांत!"

त्या पळी फिरवतच राहिल्या. "थांब, खाली लागंल." मग गॅस बंद केला, पदराने तोंड पुसलं आणि पोरांच्या सतरंजीवर बसल्या. "इंग्रजीत?"

"काठावर, पण पास."

"आन् जास्ती कशात?"

"मराठीत."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "मॅडम चांगल्या हुत्या माझ्या," म्हणाल्या. मला एकदम रडू फुटलं. पोरं आपली खिचडीची वाट बघत माझ्याकडे टकामका बघत होती.

पुढे कागदपत्रं झाली आणि आत्या सेविका झाल्या. त्यांच्या जागी नवी मदतनीस आली ती बी.कॉम. झालेली, गावातलीच सून. अर्ज केलेल्यांत तिच्यासारख्या पदवीधर आणखीही होत्या. आत्यांना ते फार लागलं. "तू माझ्याहून शिकलेली आन् पगार माझ्याहून कमी, ह्ये बरं न्हाई," त्या तिला म्हणाल्या. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला पदवी लागते हे त्यांनी स्वतः चौकशी करून काढलं. आता पोरं घरी पोचली की त्या तिला पुस्तक घेऊन बसवतात आणि भांडी स्वतः घासायला घेतात. ती 'नको नको' म्हणते, आणि आत्या 'सिट डाऊन' म्हणतात.

आत्यांचं बघून गावातल्या तिघी-चौघी जणी माझ्याकडे आल्या. एकीला आशा सेविका व्हायचं होतं, एकीला नुसतंच बारावी पास म्हणवून घ्यायचं होतं. "मॅडम, आमाला शिकवाल का? दुपारचं, ओट्यावर?"

"शिकवीन की."

"फी किती घ्याल?"

मी संकोचले. आपल्याच गावातल्या बाया, काय सांगायचं? "बघू नंतर, द्या काहीतरी," असं मी पुटपुटले.

तेवढ्यात आतून आत्यांचा आवाज आला, "काहीतरी कशाला? एम.ए., बी.एड. हाय ती!"

बाया हसत सुटल्या, मीही हसले. मग आत्या स्वतः बाहेर येऊन ओट्यावर बसल्या, माझी फी त्यांनीच ठरवली, आणि एकीनेही घासाघीस केली नाही.