रिकाम्या जागेची वाहतूक

पोरगी विद्यापीठात नेमकं काय करते, हे अप्पांना चारचौघांत नीट सांगता यायला हवं होतं. माझ्या पीएचडीपेक्षा त्यांची ही काळजी मोठी. शाळेत क्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस. समजल्याशिवाय कशावर सही करायची नाही, हा स्वभाव. मी एकदा घाईत ‘होल ट्रान्सपोर्ट’ म्हणाले, आणि त्यांनी शेजारच्या टेलर चाचांना सांगून टाकलं, "पोरगी भोकं वाहून नेती."

"मतलब काज-बटन का काम," चाचा गंभीरपणे म्हणाले.

मग एका रविवारी जेवताना मी मनावर घेतलं. आमची पंगत ठरलेली: कूलरसमोर अप्पा, मग आई, मग दादा, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मी. सांगितलं, सोलर सेलवर ऊन पडलं की एक इलेक्ट्रॉन उठून जातो. त्याची जागा रिकामी राहते, तेच होल. शेजारचा तिथं सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा न अडखळता बाहेर पोचवतील असे रेणू मी कॉम्प्युटरवर जुळवून बघते. एखादा जमला तर प्रयोगशाळेतले लोक तो खरोखर बनवतात.

अप्पा ताट घेऊन उठलेच. "सरका."

आई कुरकुरत कूलरसमोर गेली, दादा तिच्या जागी, मी दादाच्या. दाराशी माझा पाट रिकामा राहिला.

"लई भारी," अप्पा उभ्यानंच म्हणाले. "माणूस सरकतो एकच जागा, पण रिकामपण पार दाराशी. अन् तिथून पुढं?"

"बाहेर जातं, अप्पा."

"झालं तर मग."

त्यानंतर आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी पंगतीत बसवून सरकवलं. पाचोडहून मामा आला, तर त्याला तोंडात घास असतानाच उठवलं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, आणखी दहा पाहुणे यायला हवे होते.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. पाहुणे पांगल्यावर आम्ही तिघंच जेवायला बसलो, आपापल्या जागी. कूलर मोकळ्या पाटावर वारा घालत होता. आईला ते बघवेना.

"सरका," म्हणत ती स्वतः तिकडं गेली. दादा सरकला, मी सरकले. रिकामा पाट माझ्या शेजारी, दाराशी आला.

तिथून रिकामपण बाहेर जातं, असं मी अप्पांना सांगितलं होतं. अजून गेलेलं नाही.