सरपणाच्या खोलीतलं लेथ

इंजिनभाऊ कुणाकडे गेले की आधी त्या घरातल्या यंत्राची विचारपूस करत. खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक शिवणयंत्राला किंवा पाण्याच्या मोटारीला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग रडून राह्यलं, गुरुजी," असं ते मला गंभीरपणे सांगत. अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात ते पोस्टात कारकून होते आणि मी शाळेत मास्तर. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

नव्वदच्या दशकात त्यांनी घुग्घुसच्या एका भंगारवाल्याकडून जुनं लेथ, लोखंड कातायचं यंत्र, आणलं. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, सरपणाची खोली रिकामी केली, सिमेंटचा ओटा घातला, त्यावर ते यंत्र बसवलं. ते सुरू झालं की माझ्या घरातला बल्ब मंदावे. भाऊ त्यावर वाफेवर चालणारं वीतभर पितळी इंजिन घडवत होते.

"त्यानं काय होईल?" मी विचारलं.

"काई नाई. फिरन." आणि एवढं सांगतानाही त्यांचा चेहरा खुलला.

पण लेथ लोखंडाला आरपार भोकही पाडतं, आणि आमच्या भागात लोखंडी नळी म्हटली की लोकांना एकच गोष्ट आठवे, बंदूक. एके दुपारी पोलिसांची जीप दारात थांबली. जमादाराने इंजिनाची पितळी नळी डोळ्याला लावून आमच्याकडे पाहिलं. "ही कायची?"

भाऊंनी इंजिन जोडलं, खाली स्पिरिटचा दिवा ठेवला. काडी तीनदा विझली. पाणी उकळलं, तरी चाक हलेना. भाभींनी पदर तोंडाशी धरला. शेवटी भाऊंनी बोटाने हलकेच ढकललं आणि ते फिरायला लागलं. जमादार बराच वेळ पाहत राहिला. जाताना म्हणाला, "खोलीचं दार उघडं ठेवत जा. येताजाता दिसलं पायजे."

दार उघडं राहिलं. लेथ सगळ्यांनाच दिसलं. बाजाराच्या दिवशी एक तरुण आणि एक बाई आले, जंगलातल्या बंदूकवाल्या दादालोकांची माणसं. मी तिथेच बसलो होतो. पोत्यात गुंडाळलेली मोडकी बंदूक त्यांनी ओट्यावर ठेवली. तरुण म्हणाला, "दुरुस्त करून द्या."

"माह्या हातानं हे होनार नाई," भाऊ म्हणाले.

बाईने शांतपणे विचारलं, "येत नाई, का करत नाई?"

सुटायला तेवढी वाट होती. मी मनातल्या मनात 'येत नाही म्हणा' असं ओरडत होतो.

"करत नाई."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बंदूक पुन्हा पोत्यात गेली. "विचार करा. पुढच्या बाजाराले येतो," तरुण म्हणाला.

ते गेल्यावर मी भाऊंवर चिडलो. "खोटं बोलायला काय झालं होतं?"

"साऱ्या गावाले माहीत हाये मले येते म्हून. खोटं कोन मानन?" मग हळूच म्हणाले, "आज याले नाई म्हटलं, उद्या त्याले. मशीन हाये तवर हे येतच राहीन."

त्या आठवड्यात लेथ एकदाही चाललं नाही. पुढच्या बाजारी, भर दुपारी, भाऊंनी चार माणसं बोलावून ते बाहेर रस्त्यावर काढलं. गर्दी जमली. त्यांनी घण उचलला. बिडाचं लोखंड वाकत नाही, फुटतं. दुसऱ्या घावाला लेथचं डोकं दुभंगलं. भाऊ तरीही मारत राहिले, तेव्हा भाभींनी जाऊन त्यांचा हात धरला. गर्दीत ती बाई उभी असलेली मी पाहिली. ती तशीच निघून गेली. नंतर कुणी आलं नाही, जीपही नाही.

भाऊंनी चंद्रपूरला बदली मागून घेतली. बदली होईपर्यंतचे महिने ते कामापुरतंच बोलत. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा राहवेना म्हणून मी विचारलं, "भाऊ, तिकडे पुन्हा मशीन घेणार का?"

ते मान खाली घालून दोरीची गाठ आवळत राहिले. उत्तर दिलं ते आत बसलेल्या शमीमभाभींनी. "घेतल्याबिगर कुठी जातीन? घर पाहाले मी गेलती गुरुजी. सैपाकाची खोली लहान हाये, पन मागची सरपनाची खोली मोठी पाहून घेतली."

भाऊ गाठ तशीच सोडून भाभींकडे पाहत राहिले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.