बादलीतल्या आसरा

आमच्या विहिरीवरच्या साती आसरा सध्या शिक्रापुरात आमच्याच घराच्या जिन्याखाली, एका निळ्या बादलीत राहतात. शेंदूर फासलेले सात गुळगुळीत दगड. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. पाणी नसेल तिथं त्यांना बसवायचं नसतं, असं आई मानते. म्हणून बादलीत पाणी.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आप्पा, म्हणजे माझे वडील, बाजाराच्या दिवशी शिरूरला अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. त्यांच्या घड्या मी घालायचे, वाचायलाही त्यांवरच शिकले. दगडाला देव म्हणायचं नाही, हे मला बाराखडीइतकं पाठ होतं. आजही माझं मत तेच आहे.

मग आसपास कंपन्या आल्या, कामगारांना खोल्या हव्या झाल्या. आमची विहीर नेमकी रस्त्याला लागून. तिथं भाड्याच्या खोल्या बांधायला आप्पांनी ती बुजवायची ठरवली. आई आडवी आली.

"तिथं बाया हायत माझ्या. त्यांना उठवून कुठं नेऊ?"

"दगडं ती. ठेव कुठंबी. पाण्याचं म्हणशील, तर बोअर घेऊ की."

आई लग्न होऊन आली तेव्हा पहिली घागर तिने त्या विहिरीवर भरली होती. मी झाले, त्यानंतर मला घेऊन ती पहिल्यांदा घराबाहेर पडली तीही तिथंच, बायांना दहीभात ठेवायला. राडारोड्याचे ट्रक येऊन उभे राहिले तेव्हा तिने सातही दगड पदरात घेतले आणि मागे न बघता घरात गेली. पहिला ट्रक ओतला तेव्हा पाण्याचा आवाज आला. नंतर नुसता दगडावर दगड.

बोअर आटलं. आता खोल्यांना टँकर येतो.

याचा राग माझ्या मनातून जात नाही. पत्रकात लिहिलेलं खरं होतं, आणि त्याच खऱ्याने आमची जिवंत विहीर बुजवली. हे मी आप्पांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर बाजारात पत्रकं घेऊन जाणं त्यांनी बंद केलं, आणि त्यानेही मला बरं वाटलं नाही.

आईला मी म्हणाले, "चल, घोडनदीच्या काठावर ठेवून येऊ."

"लई शहाणी! तिथं तिथल्या आसरा हायत. दुसरीच्या दारात आपल्या बाया बसवायच्या व्हय? वरवंडच्या तलावावर न्हे म्हणशील, तर तिथंबी हायत. ज्येचं पानी त्येच्या बाया."

पाणी गेल्यावर तिच्या देवतांना जगात कुठंच जागा उरली नव्हती.

दिवाळीनंतर आमच्या भाडेकरणीचं छटचं व्रत आलं. ती बिहारची, नवरा कंपनीत. व्रताला पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य द्यावं लागतं. तिने आणि शेजारणींनी मागच्या रिकाम्या जागेत खड्डा खणवला, ताडपत्री अंथरली, टँकर रिता केला. कडेने ऊस रोवले. पहाटे त्या गुडघाभर पाण्यात उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आई बादली घेऊन आली. सातही दगड तिने काठावर ओळीने मांडले, हळदीकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला.

"चाचीजी, ये कौन हैं?"

"आमच्या बाया. लई दिसांनी भाईर आल्यात."

भाडेकरीण ओल्या साडीतच वाकली, दगडांना हात लावून पाया पडली. मग म्हणाली, "हमारे गाँव में नदी है, चाचीजी. बहुत पानी है. अबकी जाऊँगी तो ले जाऊँ? वहाँ रख दूँगी."

आईने एकेका दगडाला हात लावला. मला वाटलं, आता हो म्हणेल. तिच्या ओठांवर ते आलं होतं.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "इतक्या लांब त्यांना वळखणार कोण?"

दुपारी बायकांनी ताडपत्री ओढून काढली. पाणी मुरमात गेलं, थोडा वेळ ओल दिसली, मग तीही नाही. आईने दगड पुसून पुन्हा रिकाम्या बादलीत ठेवले. आप्पा जिन्याशी उभे होते. ते आत गेले आणि पिण्याच्या पाण्याचा जार उचलून आणला. त्यांनी जार तिरका धरला, आईने बादली सावरली.

दगड बुडेपर्यंत त्यांनी पाणी ओतलं.