आठ तोळ्यांचे गोठ

उमरेडच्या मुलींच्या शाळेत गोपिकाबाईंचा दरारा असा, की त्यांनी चष्मा पुसायला घेतला तरी वर्ग चिडीचूप होई. तीच बाई ऐंशी सालच्या ऑक्टोबरात नागपूरच्या एस.टी.त घामाघूम होऊन बसली होती. शेजारी सासूबाई, यमुताई. त्यांच्या मांडीवर सोन्यासाठी आणलेला रिकामा पितळी डबा.

पासष्टच्या लढाईत सरकारनं सोनं मागितलं, तेव्हा गोपिकाबाईंनी लग्नात सासूनं हातात घातलेले गोठ देऊन सुवर्णरोखा घेतला होता. मुदत पंधरा वर्षं. यमुताई आडव्याच पडल्या होत्या. "सोनं देऊन कागद घेते वं! माझे आठ तोळ्यांचे गोठ!" पुढं पंधरा वर्षं हेच पालुपद. व्याजाचे आठ रुपये आले की यजमान, श्रीधरराव, म्हणत, "घ्या, तोळ्याले रुपया!"

खरं म्हणजे व्याज वर्षाला दहा ग्रॅममागे दोन रुपये होतं. आठ रुपये म्हणजे चाळीस ग्रॅम, धड साडेतीन तोळेही नाहीत. गोठ वितळवले तेव्हा वर सोन्याचा पत्रा आणि आत नुसती लाख निघाली होती. गोपिकाबाईंनी रोखा ट्रंकेत घातला, किल्ली कमरेला लावली. सांगावं तर सासूची अब्रू जाते. आणि आज डबा भरताना उरलेलं सोनं कुठं गेलं असं घरच्यांनी विचारलं, तर आपली.

"काहून वं, गप्प बसून राहिली? सरकार जुन्याच भावाचे पैसे देईन ना?"

"नाही जी, आत्याबाई. रोख्यावर रुपये नाहीत, ग्रॅम आहेत. तेव्हा दहा ग्रॅम सत्तरच्या आसपास होतं, आज तेराशेच्या वर गेलं. भाव कुठंही जावो, आपल्याले तेवढंच सोनं परत."

पुढच्या बाकावरून श्रीधरराव वळले. "मंग मधल्या वाढीवर कर?"

"या रोख्याच्या वाढीवर कर नाही. कायद्यातच लिहून आहे."

"वा! अन् ग्रॅम किती?"

गोपिकाबाई खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीकडे पाहू लागल्या.

बँकेतल्या कारकुनानं मात्र खणखणीत आवाजात वाचलं, "चाळीस ग्रॅम!"

"चाळीस?" श्रीधरराव बायकोकडे वळले. "बाकीचं कुठं गेलं?"

गोपिकाबाईंनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात यमुताई खो खो हसत सुटल्या. डबा हातातून निसटून फरशीवर ठणठणत गेला.

"लाख होती गा आत! तुह्या बापाले आठ तोळे कुठून जमते? कागदावर वजन चढलं तर सुनेच्या माहेरी बोभाटा होईन, म्हणून तर आडवी पडली होती मी."

"तुम्हाले माहीत होतं?" गोपिकाबाई उडाल्याच. "मंग पंधरा वर्षं आठ तोळे, आठ तोळे काहून?"

"तू कधी 'नाही' म्हणते, तेच पाहून राहिली होती. मोठी घट्ट आहेस वं!"

आता गोपिकाबाईंनाही हसू आवरेना. शिपाई बघायला आला तरी दोघी एकमेकींना धरून हसतच होत्या.

तिथून थेट इतवारी. सराफानं विचारलं, "काय घडवू, बाई?"

गोपिकाबाईंनी तोंड उघडायच्या आत यमुताई म्हणाल्या, "गोठ. अन् आत लाख भरजो गा. दिसाले आठ तोळ्यांचे पाहिजेत!"