बेचाळीस उपड्या वाट्या

“हात लावल्याबिगर बरं हाय म्हणून लिहू नये, साहेब.”

एवढं लांब वाक्य भीमराज सहसा बोलत नसे, म्हणून श्रीपतरावांच्या ते लक्षात राहिलं. श्रीपतराव हुमनाबाद रस्त्यावरच्या सूतगिरणीत वीजखात्याचे सुपरवायझर, आणि भीमराज त्यांच्या हाताखालचा. दोघंही हळ्ळीखेडचे. गावात एकमेकांच्या आळीत कधी गेलेले नव्हते, गिरणीत मात्र आठ वर्षं एकाच किटलीतला चहा पीत आले होते.

भीमराजकडे गोदामाचं छत होतं. खाली कापसाच्या गाठी रचलेल्या, आणि वर बेचाळीस उपड्या वाट्या बसवलेल्या. पुस्तकात त्यांना हीट डिटेक्टर म्हटलेलं होतं. प्रत्येकीच्या आत धातूची एक पातळ पत्री. आसपासची हवा ठरलेल्या आकड्यापलीकडे तापली की पत्री वाकायची आणि फाटकापाशी घंटा वाजायची. पण ती खरंच वाकते का, हे बघायचं कसं? कापसाच्या गोदामात काडी ओढता येत नाही. भीमराजने त्यावर आपला उपाय काढला होता. बिदरच्या तांबटाकडून त्याने एकात एक अशी दोन पितळी भांडी जोडून घेतली होती. दोन्हींच्या मधल्या पोकळीत कँटीनमधलं उकळतं पाणी भरायचं, तोंड फिरकीने बंद करायचं, भांडं वेळूच्या टोकाला बांधायचं आणि आतल्या कोरड्या खोबणीत छतावरची वाटी अलगद बसवायची. मग तो आकडे मोजायचा. पन्नासच्या आसपास घंटा वाजली की वहीत आकडा मराठीत आणि पुढे कानडीत शेरा: सरी. म्हणजे ठीक.

दर महिन्याला बेचाळीस. कापसाचे तंतू बसून वाटी आंधळी होते म्हणून आधी दाढीच्या जुन्या ब्रशने ती झाडायची. प्रत्येक वाटीचा स्वभाव त्याला पाठ होता. “सतरा नंबरची आळशी हाय, सत्तरीपत्तोर दम खाती. एकतीसची तापट.”

गोदामात कापूस निवडणाऱ्या बाया मान वर करून त्याची गंमत बघायच्या.

“अण्णा, छताला शेक द्यायलाव व्हय?” सुशीलाबाई ओरडायची. “आमची कंबर धरलीय. जरा इकडं बी आणा की ते!”

“मोजू दे अक्का. तुमची घंटा न शेकताच वाजायलीय.”

बाया हसायच्या, आणि तोवर त्याचा आकडा चुकलेला असायचा. तो न चिडता पुन्हा एकपासून सुरू करायचा.

श्रीपतरावांनीच एकदा त्याला विचारलं होतं, “भीमराज, सगळ्या कामून तपासतोस रे? चार बघ, बाकीच्या अंदाजानं लिही. कोण वर चढून बघायलंय?” तेव्हा तो ते वाक्य बोलला. मग चहा ओतता ओतता त्याने पुढचंही सांगितलं. त्याच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. धाकट्या बहिणीला, शोभाला, ताप भरला. आई, चांगुणाबाई, पोरीला घेऊन वैद्याच्या ओट्याखाली उभी राहिली. वैद्याने वरूनच पाहिलं, बरं हाय म्हणाला आणि पुडी खाली टाकली. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

“आईचं एकच म्हणणं,” भीमराज म्हणाला. “नुसता हात लावून बघितला असता, तर पोळला असता त्यास्नी.”

वैद्याचं नाव त्याने घेतलं नाही. त्या वेळी हळ्ळीखेडात वैद्य एकच होता, श्रीपतरावांचे सख्खे चुलते. श्रीपतरावांनी कप खाली ठेवला. भीमराजने तो पुन्हा भरून त्यांच्यापुढे सरकवला. त्यानंतर त्या दोघांत हा विषय कधी निघाला नाही.

चौऱ्याऐंशीचा दसरा आला. दसऱ्याला भीमराज नेहमीप्रमाणे चार दिवसांची रजा टाकून दीक्षाभूमीवर, नागपूरला गेला. इकडे गिरणीत आयुधपूजेची धांदल. यंत्रं पुसली, झेंडूच्या माळा चढल्या. पुढच्या बुधवारी विम्याचे साहेब तपासणीला यायचे होते. मॅनेजर माणिकराव म्हणाले, गोदाम चकाचक दिसू द्या. श्रीपतरावांची त्याच महिन्यात खातेप्रमुख म्हणून नेमणूक व्हायची होती. उत्साहाच्या भरात त्यांनी रंगाऱ्यांना सांगून टाकलं, “छत, पाइप, सगळं एका रंगात काढा.”

रंगाऱ्यांनी शब्द पाळला. वाट्यांनाही पिवळसर ऑइलपेंटचे दोन हात दिले. वर, आयुधपूजा आहे म्हणून, एकेका वाटीवर मोठ्या भक्तीने कुंकवाचं बोट टेकवलं.

भीमराज परतला आणि दारातच थबकला. कँटीनमधून पाणी आणून त्याने वेळू उचलला. पहिली वाटी दोनशे दहाला वाजली. दुसरी दोनशे चाळीसला. तिसरी वाजलीच नाही. सुशीलाबाईने त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

“खरडून निघंल की,” श्रीपतराव म्हणाले.

“खरडलं तर पत्री बिघडती, साहेब. नव्याच बसवाव्या लागतील.”

“मुंबईहून यायला महिना जाईल! बुधवारी साहेब यायलेत. तू एवढी सही कर, महिन्याभरात बदलू. तवर कोण मरायलंय?”

भीमराजने गोदामाच्या आतल्या टोकाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तिथं सुशीलाबाई आणि तिच्या जोडीची महादेवी गाठींच्या आडोशाला डोक्याखाली पदर घेऊन पडल्या होत्या. गोदामाला दार एकच, आणि ते अलीकडच्या टोकाला.

दोन दिवसांत त्याने बेचाळीसही वाट्या तपासल्या आणि आकडे जसे आले तसे लिहिले. सव्वीस वाट्यांपुढे एकच शब्द: न्हाई. वही श्रीपतरावांच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला.

श्रीपतरावांनी मग स्वतः एका कोऱ्या कागदावर रकाने आखले. बेचाळीस आकडे मनानेच घातले. सतरा नंबरपुढे आठवणीने सत्तर लिहिलं. शेऱ्यात बेचाळीस वेळा सरी. आता खाली फक्त भीमराजची सही हवी होती.

बुधवारी ऑफिसात माणिकराव, विम्याचे साहेब आणि श्रीपतराव बसले होते. भीमराजला बोलावणं गेलं. तो वेळू आणि भांडं घेऊनच आला. पाणी उकळतं होतं. तो टेबलाजवळ आला तेव्हा बसलेल्यांना भांड्याची धग जाणवली.

“ह्यावर सही कर रे,” माणिकराव म्हणाले. “साहेबांना उशीर व्हायलाय.”

भीमराजने कागद वाचला. सतरा नंबरवर त्याची नजर क्षणभर अडकली. अक्षर कुणाचं, हे त्याला कळलं. त्याने पेन घेतलं नाही, आणि तक्रारही केली नाही. फक्त श्रीपतरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर श्रीपतरावांना सोपं गेलं असतं. चहा पुन्हा भरून देताना तो जसा पाहत होता, तसाच पाहत होता.

श्रीपतरावांना आपलंच अक्षर दिसत होतं. ओट्यावर बसून, खाली न उतरता लिहिलेलं.

त्यांनी कागद ओढला, उभा फाडला आणि फायलीखालची भीमराजची वही पुढे सरकवली.

“वाट्या रंगवायला मी सांगितल्या, साहेब,” ते म्हणाले. “सव्वीस बंद पडल्यात. खरी वही ही आहे.”

विम्याच्या साहेबांनी वहीची पानं सावकाश उलटली. मग नव्या वाट्या बसेपर्यंत गोदामात माणूस नको आणि नवी गाठही नको, असं सांगितलं. सगळा हंगाम तोंडावर आलेला. माणिकराव दातओठ खात म्हणाले, “श्रीपतराव, खातेप्रमुखाचं आता विसराच तुम्ही.”

भीमराज पुढे आला. त्याने वही उलटी फिरवून श्रीपतरावांसमोर धरली आणि आपल्या खिशातलं पेन त्यांच्या हातात दिलं. सव्वीस ‘न्हाई’खाली श्रीपतरावांनी सही केली. सहीची शाई वाळेपर्यंत तो तिथेच वाकून उभा राहिला, हलकेच फुंकर घालत. मग वही काखेत घेतली, वेळू खांद्यावर टाकला आणि आतल्या बायांना बाहेर काढायला गोदामाच्या दिशेने चालता झाला.