मेली आणि मरून राहिली

शालिकराम सोमकुवरला मी तीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान पंचवीस मी त्याच्यावर चिडण्यात घालवली आहेत. तो सौसरच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता. पहाटे सायकलला लोखंडी चावी बांधून निघायचा आणि एकेका वॉर्डाचं पाणी सोडायचा. पाणी चालू असेपर्यंतचा पाऊण तास टाकीच्या ओट्यावर बसून कादंबऱ्या वाचायचा. वाचनात गुंग होऊन व्हॉल्व्ह बंद करायला विसरला की आमच्या गल्लीत तळं, आणि उघडायला विसरला की मी बिनआंघोळीची शाळेत. भांडायला गेले की हा ओट्यावरून हात जोडून म्हणायचा, "बाई, चार पानं राहिली होती जी." अशा माणसावर चिडावं तरी किती!

मी यमुना, मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. मध्य प्रदेशात राहून मराठी शिकवणं म्हणजे काय असतं ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. आमची मुलं बोलतात वऱ्हाडी, त्यात अर्धी हिंदी, आणि लिहितातही तसंच. "मी जेवून राहिलो." म्हणजे मी जेवतो आहे, अजून ताटावर आहे. मी लाल पेनानं ते खोडायचे आणि वर "जेवत आहे" असं लिहायचे. तीस वर्षं खोडत आले. किती लाल पेनं संपली असतील देव जाणे.

शालिकरामकडे दुसरी एक चावी होती, वाचनालयाची. पगार एक पैसा नाही, तरी एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला तो कुलूप काढायचा, झाडायचा, फाटक्या पुस्तकांना खळ लावायचा. नोकरी संपली, बायको गेली, मुलगी शीतल नागपूरला नर्स झाली, आणि मग ती एक खोलीच त्याचा संसार झाली. खोली होती यशवंतरावांची. रामाकोन्याचे यशवंतराव, संत्र्याच्या मोठ्या बागेचे मालक आणि आमच्या भागातले एकुलते एक कादंबरीकार. त्यांची 'कन्हान उतरताना' पन्नास वर्षांपूर्वी छापली गेली. मी ती वर्गात शिकवली आहे. पुण्याहून शिकून आलेला नायक कन्हान नदी उतरून गावी परततो आणि गोरगरिबांच्या दुःखानं कळवळतो, अशी ती गोष्ट. भाषा फार गोड. सौसरात तिच्याविषयी कोणी वावगं बोललेलं मला तरी आठवत नाही.

गेल्या दिवाळीला शीतल घरी आली तेव्हा तिनं बापाला मोबाईलवर एक गंमत दाखवली. तिकडे इंग्रजीत म्हणे लोक जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या घेतात, वाक्यं बरीचशी तशीच ठेवतात आणि मधेमधे मुडदे घुसवतात. पाहुणे चहा पीत बसलेत, लग्नाची बोलणी चालली आहेत, आणि खिडकीतून कुजका हात आत येतो. शालिकराम पोट धरून हसला. मग एकाएकी थांबून विचारता झाला, "म्हणजे कादंबरीत जे मरते, त्याले उठवता येते?"

"येते ना बाबा. तेच तर आहे त्याच्यात."

दुसऱ्याच दिवशी हे मला सांगायला आला. मला किळस आली. म्हटलं, मराठी इकडे आधीच मरायला टेकली आहे, त्यात तू मुडदे नाचव. पण त्यानं 'कन्हान उतरताना' पुन्हा वाचायला घेतली होती, पेन्सिलीनं खुणा करत. त्या कादंबरीत अकरा माणसं मरतात. अकराही मजूर, आणि नऊ जणांना नावच नाही. एकेका ओळीत मरतात बिचारी, लगेच पुढच्या ओळीत सूर्यास्त होतो. मी इतकी वर्षं शिकवूनही हे कधी मोजलं नव्हतं.

त्यानं विडंबन लिहिलं. नाव, 'कन्हान उतरताना आणि मुडदे चढताना'. मी नाक मुरडत वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर मला ठसका लागला. नायक संत्र्याच्या झाडाखाली कविता गुणगुणतो आहे, तेवढ्यात मातीतून हात बाहेर येतो आणि म्हणतो, "भाऊ, बिडी आहे काय?" एकेक मजूर उठतो, कोणी मेंदू-बिंदू खात नाही, फक्त नायकाला विचारतो, माह्यं नाव काय? नायकाला सगळ्या फुलांची नावं येतात, माणसांची येत नाहीत. तो पळतो, आणि मागून मुडदे, शिस्तीत रांग लावून.

यंदा कादंबरीला पन्नास वर्षं झाली म्हणून वाचनालयात समारंभ ठरला. समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव, यशवंतरावांचे पुतणे. या गृहस्थांचा त्या खोलीवर कधीपासून डोळा होता. हमरस्त्यावरची खोली, मोबाईलच्या दुकानाला उत्तम. काकांच्या धाकानं गप्प होते. कार्यक्रमपत्रिकेत 'विनोदी वाचन, दहा मिनिटं' असं त्यांनीच घातलं आणि मजकूर तपासायचं काम माझ्यावर टाकलं. मी आठ पानं पाहून होकार दिला.

समारंभाच्या दिवशी, दुपारी बाराला, सतरंज्या घालून झाल्यावर शालिकरामनं माझ्या हातात आणखी दोन पानं दिली. म्हणाला, "बाई, शेवट आता लिहिला."

मी उभ्याउभ्याच वाचलं.

कादंबरीत चौदावं प्रकरण आहे. सगळ्यांचं आवडतं. पुण्याहून आठच दिवसांपूर्वी आलेला नायक दारात उभा आहे. एक मजूर धावत येतो आणि म्हणतो, "माय मेली हो मालक." नायकाचे डोळे भरून येतात. तो आत जातो, नवं कोरं कापड आणतो आणि मजुराच्या हातात ठेवतो, कफनाला. मजूर बोलत नाही, कापड छातीशी धरून निघून जातो. या प्रकरणावर मी परीक्षेत प्रश्न घालायचे, 'नायकाच्या औदार्याचे वर्णन करा.' दहा गुण.

"बाई, थो मजूर माह्या बाप होता," शालिकराम म्हणाला. "अन् दारात उभे होते थे यशवंतरावच. सहा वर्षाचे असताना मामाकडे पुण्याले गेले, थे तवाच आले होते. माह्या आजीले हगवण लागली होती. बाप धावत गेला गाडी मांगाले, सौसरच्या दवाखान्यात न्यायले. त्यानं म्हटलं, माय मरून राहिली जी."

मरून राहिली. म्हणजे मरते आहे, अजून जीव आहे, धावा. आणि पुण्याच्या कानाला ते ऐकू आलं, मेली.

"त्यायनं कापड दिलं. बाप काय बोलन? त्याले वाटलं, मालकानं ठरवलं का ही आता मेल्यातच जमा आहे. कापड घेऊन वापस आला."

ज्या शब्दावर मी आयुष्यभर लाल रेघ मारली, तोच शब्द पानावर माझ्याकडे बघत होता. मला लाज वाटली, खरंच सांगते, आणि लाज वाटली की मी चिडते. म्हटलं, "मग सरळ त्यांच्या घरी जाऊन का नाही सांगितलंस? इतकी वर्षं काय केलंस?"

"दोनदा गेलो. चहा पेलो, संत्रे घेऊन वापस आलो. त्या दारात उभा राहिलो का जीभच नाही उचलत. माह्या बापाची उचलली होती, त्याचं काय झालं?" तो शांतपणे म्हणाला. "थे आता शहाऐंशीचे झाले. त्यायले एक खेप बराबर ऐकू जावं, बस. शिव्या नाई द्यायच्या मले. इथं माह्यी जागा आहे, इथून बोलता येते."

"आणि पुंडलिकराव? उद्या कुलूप ठोकतील, शालिक. तुझं हे सगळं जाईल. मी होकार दिला तो आठ पानांना. ही दोन वाचू नकोस."

त्यानं पानं घडी करून खिशात घातली आणि तो खुर्च्या लावायला गेला. त्यानं हो म्हटलं की नाही, मला कळलं नाही.

दोन वाजता साठेक माणसं जमली. पांढुर्ण्याहून, लोधीखेड्याहूनही आली. यशवंतराव पुढच्या खुर्चीत. त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून सून प्रणाली शेजारी बसून वाक्यं त्यांच्या कानात पुन्हा म्हणत होती. प्रणाली पुण्याची, मुलगी चांगली. भाषणं झाली, हार झाले. मग शालिकराम उठला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि त्याच्या खिशाकडे बघत होते.

बिडीवाल्या हातावर खोलीत हशा पिकला. यशवंतरावांपर्यंत हसू उशिरा पोचायचं, प्रणालीनं सांगितल्यावर. सगळे हसून थांबले की ते एकटे हसायचे, आणि त्यावर लोक पुन्हा हसायचे. नावं विचारणाऱ्या मुडद्यांवर मात्र मागच्या रांगा जास्त हसल्या, पुढच्या कमी. पुंडलिकरावांनी घड्याळ पाहिलं. आठवं पान संपलं. मला वाटलं, आता तो नमस्कार करेल.

त्यानं खिशात हात घातला.

"चौदावं प्रकरण," तो म्हणाला, आणि कागदाची घडी उलगडली. वाक्यं यशवंतरावांचीच होती, नायक, दार, धावत येणारा मजूर. लोक आता कोण उठतंय म्हणून हसायच्या तयारीत बसले. "तेवढ्यात मजुराच्या मांगून त्याची माय स्वतःच चालत आली. खांद्यावर नवं कापड. म्हणे, मालक, हे वापस घ्या. पोरगं तुमाले सांगत होतं का माय मरून राहिली..."

प्रणाली सासऱ्याच्या कानाशी वाकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "म्हणतोय, आई मेली."

शालिकराम थांबला. कागद खाली घेतला.

"नाई ताई." आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तसं नका सांगू. जसं म्हटलं तसंच सांगा."

पुंडलिकराव उठले. "शालिकराम, वेळ झाला. बसा आता." ते माईककडे निघाले. आणि मी, जिनं दुपारी त्याला नको म्हटलं होतं, तीच मागून ओरडले, "वाचू द्या! सगळा मजकूर मी मंजूर केला आहे." साफ खोटं होतं. पुंडलिकराव मधेच अडकले, न धड उभे न धड बसलेले.

प्रणाली गोंधळून इकडेतिकडे बघत होती. मग पुन्हा वाकली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माय... मरून... राहिली."

यशवंतराव रामाकोन्यात साठ वर्षं राहिले होते. गड्यांशी, बाजारात, स्वतःच्या नातवंडांशी ते वऱ्हाडीच बोलत. त्या शब्दाचा अर्थ आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चेहऱ्यावरचं उरलेलं हसू गेलं. ते शालिकरामकडे पाहू लागले, आणि मला दिसलं की ते त्याच्या चेहऱ्यात दुसऱ्या कोणाला तरी शोधताहेत.

"तू त्याचा पोरगा काय?" त्यांनी विचारलं.

"हो जी."

"मंग... थे मेली नोती?"

"नाई जी."

"किती?" ते खुर्चीत पुढे सरकले. "किती दिवस होती?"

शालिकरामच्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. त्यानं कागद पुन्हा घडी केला. मला वाटलं, खोटं बोलेल, म्हाताऱ्याची दया येऊन म्हणेल, लगेच गेली जी. त्याच्या ओठांवर ते आलंही असावं, मी ओळखते त्याला.

"तीन दिवस जी," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी सांजेले गेली. तवरोक बोलत होती."

प्रणालीनं हे कानात सांगितलं नाही. गरज पडली नाही, त्यांनी ओठांवरूनच वाचलं. यशवंतरावांनी गळ्यातला हार काढायला हात नेला आणि हात तिथंच राहिला.

"गाडी दारातच होती रे," ते म्हणाले. "बैलं जुंपेलच होते."